डेव्हलपरचा टेक लीड होताना: येळवशीला फोन वाजू नये म्हणून

आमच्या लातूर-धाराशिवकडं येळवस म्हणजे काय असतंय हे इकडच्या माणसाला सांगायची गरज नाही, पण पुण्या-मुंबईकडून वाचणाऱ्यांसाठी सांगतो. मार्गशीर्षातली अमावस्या, डिसेंबर-जानेवारीत येती, त्या दिवशी सगळी माणसं शेतात, कडब्याची कोप करून पांडवांची पूजा, मग भज्जी, उंडे, आंबील, अन् लातूर शहरात दुपारी कर्फ्यू लागल्यावानी शुकशुकाट. तर अशाच एका येळवशीला औश्याजवळच्या आमच्या शेतात मी आंबिलीचा दुसरा ग्लास तोंडाला लावला आणि फोन वाजला. प्रॉडक्शन, म्हणजे गिऱ्हाईक वापरतंय ती चालू सिस्टीम, बंद. मला लीड, म्हणजे टीमचा टेक्निकल म्होरक्या, होऊन चार महिने झाले होते, आणि डिप्लॉयमेंटनंतर, म्हणजे नवीन कोड चालू सिस्टीमवर चढवल्यावर, दोन सर्व्हिस कुठल्या क्रमानं रीस्टार्ट करायच्या हे फक्त माझ्या डोक्यात होतं, कुठंच लिहिलेलं नव्हतं. विहिरीच्या कठड्याजवळ एक काडी नेटवर्क यायचं, तिथं उभं राहून अडीच तास मी फोनवर एकेक कमांड सांगत होतो, पलीकडचा पोरगा टाईप करत होता, मध्येच आवाज तुटायचा.

परत आलो तर आई म्हणाली, "एवढी मोठी कंपनी, अन् तुझ्याबिगर कुणालाच काही येत नाही व्हय?"

खरं सांगतो, त्या वेळी छाती फुगली होती. आपल्याशिवाय पान हलत नाही म्हणल्यावर कुणाला आवडत नाही. ही गोष्ट माझ्या चुकीची होती, कौतुकाची नव्हती, हे कळायला मला अजून सहा-आठ महिने लागले. म्हणून हा लेख. ज्यांना तीन-चार-सहा वर्षं कोड लिहून झालाय, आता मॅनेजर म्हणायलाय की "तू लीड घे", आणि आतून धाकधूक होतीय, त्यांच्यासाठी. पायऱ्या सांगतो, पण सगळ्या सारख्या उंचीच्या नाहीत, काही ठिकाणी एका ढांगेत जाता येतंय, काही ठिकाणी दम लागतो.

पहिली पायरी: हो म्हणायच्या आधी विचारा

लीड या शब्दाचा अर्थ प्रत्येक कंपनीत वेगळा. सर्व्हिस कंपनीत बऱ्याचदा लीड म्हणजे क्लायंटच्या कॉलवर बोलणारा, एक्सेल भरणारा, सुट्ट्या मंजूर करणारा. प्रॉडक्ट कंपनीत डिझाईन ठरवणारा आणि स्वतःही निम्मा वेळ कोड लिहिणारा. काही ठिकाणी दोन्ही, पगार मात्र एकाचाच. म्हणून मॅनेजरला सरळ विचारा: टीममधल्या लोकांचं अप्रेझल कोण लिहिणार, मी का तुम्ही? टेक्निकल निर्णयावर शेवटचा शब्द कुणाचा? कोडिंग किती टक्के धरलंय? उशीर झाला तर क्लायंटला कोण सांगणार? पगार कधी बदलणार, आत्ता का पुढच्या सायकलला? हे विचारलं की माणूस लोभी दिसतो असं आपल्याकडच्या पोरांना वाटतंय. काही दिसत नाही. उलट न विचारता जबाबदारी घेऊन वर्षभर कुढत बसलेले मी जास्त बघितलेत.

मी लीड झालो हे मामाला सांगितलं तर मामा म्हणाला, "म्हंजी मुकादम झालास की!" मामाची हयात ऊसतोडीच्या पट्ट्यात गेली, त्याला तेच उदाहरण सुचणार. तेव्हा हसलो, पण निम्मं त्याचं बरोबर होतं. मुकादम कारखाना आणि टोळी यांच्या मधे उभा असतो, दोन्हीकडून बोलणी खातो, स्वतः कोयता फार चालवत नाही पण एका दिवसात किती ऊस तुटतो हे त्याला बरोबर माहीत असतंय. निम्मं चूक हे की मुकादमानं उचल दिलेली असती, टोळी त्याच्याशी पैशानं बांधलेली असती. तुमच्या टीमला तुम्ही काही उचल दिलेली नाही. त्यांना उद्या दुसरी ऑफर आली की ती पोरं नोटीस टाकून चालली, तिथं मुकादमी चालत नाही.

दुसरी पायरी: नाव मिळायच्या आधी काम सुरू करा

लीडचं काम करायला पदाची वाट बघायची गरज नाही, आणि खरं तर ज्यांना पद मिळतंय ते आधीपासून ते काम करत असतेत. तीन गोष्टी सांगतो.

एक मॉड्यूल पूर्ण आपलं करा. पूर्ण म्हणजे कोडपुरतं नाही, ते प्रॉडक्शनमध्ये कसं चालतंय, लॉग कुठं पडतेत, बंद पडलं तर कुणाचं नुकसान होतंय, सपोर्टवाल्यांकडं त्याच्या किती तक्रारी येतेत, सगळं.

दुसरं, लिहायला लागा. मोठा बदल करायच्या आधी एक पानाचं डिझाईन: अडचण काय, कोणते दोन-तीन मार्ग होते, त्यातला कोणता घेतला, आणि घेतला नाही तो का नाही घेतला. ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची, कारण वर्षभरानं नवीन माणूस येऊन विचारणार की इथं क्यू (कामांची रांग) का वापरली, साधा क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) का नाही लावला, आणि तेव्हा तुम्हालाही आठवणार नाही. कोडमध्ये काय केलं ते दिसतंय, का केलं ते दिसत नाही.

तिसरं, दुसऱ्याच्या पुल रिक्वेस्ट, म्हणजे तपासून घ्यायला पाठवलेले कोडचे बदल, वाचा, कुणी सांगितलं नसलं तरी. दुसऱ्याचा कोड वाचायची सवय लागल्याशिवाय लीड होऊन उपयोग नाही.

तिसरी पायरी: पहिला महिना फक्त ऐका

नवीन लीडला पहिल्या आठवड्यात काहीतरी बदलून दाखवायची फार घाई असती. मी पण केलं. पहिल्याच सोमवारी ब्रँचिंगची, म्हणजे कोडच्या वेगवेगळ्या प्रती ठेवून काम करायची, पद्धत बदलली, सगळ्यांनी मुकाट्यानं मान डोलावली, आणि दोन आठवड्यांत गुपचूप सगळे जुन्याच पद्धतीवर परत गेले. कुणी एक शब्द बोललं नाही. मराठवाड्यातला माणूस तोंडावर नाही म्हणत नाही, तो "हो हो" म्हणतो आणि करत नाही, हे मला घरी बघून माहीत होतं, ऑफिसात मात्र लक्षात आलं नाही.

तर बदल थांबवा. प्रत्येकासोबत अर्धा तास बसा, चहा घेत बसा, छत्रपती संभाजीनगरात असाल तर चिकलठाणा एमआयडीसीच्या बाहेरच्या टपरीवर बसा, मीटिंग रूममध्ये पोरं बोलत नाहीत. विचारायचं काय? सध्या कोणतं काम आवडतंय, कोणतं नकोसं झालंय. कुठं सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. माझ्या जागी तू असतास तर पहिलं काय बदललं असतंस. आणि मग गप्प बसायचं. मध्ये शांतता पडली तर पडू द्यायची. खरी गोष्ट त्या शांततेनंतर येती, बहुतेक वेळा चहाचे पैसे देताना.

त्याच महिन्यात एक कागद करा. एका बाजूला सिस्टीमचे भाग: लॉगिन, पेमेंट, रिपोर्ट, रात्रीचे बॅच जॉब, डिप्लॉयमेंट. दुसऱ्या बाजूला कुणाला काय येतंय त्यांची नावं. ज्या भागासमोर एकच नाव आहे तिथं लाल खूण. इंग्रजीत याला बस फॅक्टर म्हणतेत, म्हणजे किती माणसं बसखाली आल्यावर प्रोजेक्ट बंद पडंल तो आकडा, आमच्या टीममध्ये आम्ही त्याला येळवस फॅक्टर म्हणतो, ते जरा शुभ वाटतंय. माझ्या कागदावर ९ भागांपैकी ५ समोर एकटं माझंच नाव होतं. डिप्लॉयमेंट त्यातलंच एक.

चौथी पायरी: काम सोडायला शिका

इथं जरा थांबून सांगतो, कारण सगळा लेख हीच पायरी सांगायसाठी लिहायलोय.

डेव्हलपर म्हणून तुम्ही चांगले होतात म्हणून तुम्हाला लीड केलं. मग अवघड काम आलं की हात शिवशिवतात. "हे त्याला द्यायचं म्हणजे चार दिवस लावणार, मी दीड दिवसात करतो." आणि तुम्ही करताही. आणि मग पुढचं अवघड काम आलं की परत तेच, कारण त्याला गेल्या वेळी शिकायलाच मिळालं नाही. सहा महिन्यांनी तुम्ही रात्री अकराला कोड लिहायलात, टीम सहाला घरी गेलीय, आणि तुम्ही मनात म्हणायलात की ह्यांना काही पडलेलंच नाही. त्यांना पडलेलं होतं, तुम्ही त्यांच्या हातात काही ठेवलंच नाही.

त्यामुळं एक नियम पाळा: ज्या कामासाठी बाकी कुणीतरी थांबलेलं आहे, असं काम लीडनं स्वतःकडं घ्यायचं नाही. कारण तुमचा दिवस मीटिंगांनी तुकडे तुकडे झालेला असणार, तुमचा दीड दिवसाचा अंदाज सहा दिवसांवर जाणार, आणि सगळी टीम तुमच्यामुळं अडकणार. तुम्ही काय घ्यायचं मग? टेस्ट जी कधी पास होती कधी फेल, ती दुरुस्त करा. बिल्डला वेळ लागतोय, तो कमी करा. नवीन लायब्ररी आपल्या कामाची आहे का ते दोन दिवस खेळून बघा. कुणी वापरत नाही असा जुना कोड काढून टाका, ह्यात तर वेगळीच मजा आहे. हात गंजायला नको म्हणून आठवड्यात दोन सकाळी कॅलेंडरवर अडवून ठेवा आणि त्यात कुणी मीटिंग टाकली तर सरळ नको म्हणा.

काम देतानाही नुसतं जिरा ह्या कामं वाटायच्या सॉफ्टवेअरमधलं तिकीट नावावर टाकून होत नाही. काय हवंय, का हवंय, कशाला हात लावायचा नाही, आणि कधी येऊन मला विचारायचं, हे चार सांगा. कसं करायचं ते सांगू नका. तो तुमच्यापेक्षा वेगळ्या पद्धतीनं करणार. थोडा वाईट करणार. ते "थोडं वाईट" सहन करणं म्हणजेच लीड होणं, आणि मला विचाराल तर ह्या कामात सगळ्यात जास्त त्रास ह्याचाच होतोय, क्लायंटचा नाही. फक्त एक फरक ओळखा. व्हेरिएबलचं नाव आवडलं नाही, सोडून द्या. पैशाचा हिशोब फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश नेमका न राहणाऱ्या आकड्यात, ठेवलाय, तिथं थांबवा. चालू पोस्टग्रेस डेटाबेसच्या मोठ्या टेबलवर साधा इंडेक्स (माहिती पटकन सापडायची सूची) टाकायला निघालाय, तिथं पण थांबवा, कारण इंडेक्स तयार होईपर्यंत त्या टेबलवर लिहिणं अडतंय, कॉन्करंटली हा पर्याय त्याच्यासाठीच आहे. जे नंतर सहज बदलता येतंय ते त्यांच्यावर सोडा, जे बदलायला महिने लागतेत तिथं स्वतः बसा.

रिव्ह्यू करताना

रिव्ह्यू, म्हणजे दुसऱ्याचा कोड तपासणं, मोठा विषय आहे, पण थोडक्यात. कॉमेंटच्या सुरुवातीलाच लिहा की ही अडवणारी आहे का नुसती सूचना. ते लिहिलं नाही तर नवीन पोरगं तुमच्या २३ कॉमेंट बघून घाबरतंय, त्यातल्या २१ नुसत्या आवडीनिवडीच्या असतेत हे त्याला कसं कळणार. जागांची मोजणी, स्वल्पविराम, असलं सगळं फॉरमॅटर आणि लिंटर ह्या कोड आपोआप तपासणाऱ्या टूलकडं द्या, माणसानं माणसाला स्पेस मोजून दाखवू नये. ४०० ओळींच्या वर गेलेली पुल रिक्वेस्ट मी परत पाठवतो, तुकडे कर म्हणतो, कारण एवढी मोठी आली की मी स्वतः नीट वाचत नाही, दोन फाईल बघून अप्रूव्ह मारतो, हे कबूल करायला काय लाज. आणि कधीतरी चांगलं केलंय ते पण लिहा की राव. आपल्याकडं चांगलं झालं की गप्प आणि चुकलं की भाषण.

तुमचा कोड पण त्यांच्याकडून रिव्ह्यू करून घ्या. पहिल्यांदा कुणी काही बोलणार नाही, "सर, परफेक्ट" येणार. मी एकदा मुद्दाम एक नल चेक, म्हणजे माहिती रिकामी तर नाही ना ही तपासणी, सोडून दिला आणि ज्यानं पकडला त्याला सगळ्यांसमोर चहा पाजला. त्यानंतर माझ्या कोडवर कॉमेंट यायला लागल्या, आता तर जरा जास्तच यायलात.

पाचवी पायरी: वाईट बातमी शिळी करू नका

क्लायंट विचारतो, शुक्रवारपर्यंत होईल का. आपण म्हणतो, "येस, वी विल ट्राय." बुधवारी दुपारीच कळलेलं असतंय की होत नाही. गुरुवार जातो. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला मेल जातो की सोमवार. मला हे दोन वर्षं कळत नव्हतं की क्लायंट उशिरामुळं चिडत नाही, बुधवारचं शुक्रवारी सांगितल्यामुळं चिडतो. बुधवारी सांगितलं असतं तर त्याच्याकडं दोन दिवस होते, त्याच्या साहेबाला सांगायला, लाँच पुढं ढकलायला.

सांगताना नुसतं "लेट होतंय" म्हणून सोडू नका. पर्याय घेऊन जा: एक्स्पोर्टचं फीचर मागं ठेवलं तर शुक्रवार जमतोय, सगळं हवं असंल तर पुढचा बुधवार. तिसरा पर्याय समोरून येणार, "दोन माणसं वाढवून देऊ का?" इथं सावध. फ्रेड ब्रूक्स नावाच्या माणसानं आयबीएमच्या सिस्टीम ३६० ह्या कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टीमचं काम सांभाळलं होतं आणि त्या अनुभवावरून १९७५ साली लिहून ठेवलं की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की उशीर अजून वाढतो. कारण साधं आहे, नव्या माणसाला शिकवायला जुन्या माणसाचा वेळ जातो, आणि एकमेकांशी बोलायच्या जोड्या वाढतात. ६ जणांत १५ जोड्या होतेत, ९ जणांत ३६. माणसं दीडपट, बोलणं दुपटीच्या वर. खुरपणीला बाया वाढवल्या की रान लवकर निघतं, तिथं एकीला दुसरीशी बोलायची गरज नसती, बोलत असल्या तरी ते कामाचं नसतंय.

अंदाज मागताना टीमला एक तारीख मागू नका. सगळं सुरळीत झालं तर कधी आणि अडचण आली तर कधी, अशा दोन मागा. ज्या कामात त्या दोन तारखांत फार अंतर पडतंय, तिथं आपल्याला काहीतरी माहीत नाही एवढं समजा, आणि आधी तेवढंच शोधायला एक दिवस द्या.

इंग्रजीबद्दल

हा भाग मुद्दाम वेगळा लिहायलोय, कारण तालुक्याच्या गावातून आलेल्या, मराठी मीडियममधून शिकलेल्या पोरांना लीड व्हायची भीती टेक्निकलची नसतीच, कॉलवर बोलायची असती. माझी पण होती. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंगला गेलो, पहिल्या सेमिस्टरला सर काय बोलतेत ते मागच्या बाकावर बसून अंदाजानं लिहायचो.

एक गोष्ट उशिरा लक्षात आली. इंग्रजीची भीती असणारा माणूस "हो" लवकर म्हणतो. कारण "नाही" म्हणलं की कारण सांगावं लागतंय, कारण सांगायला पाच वाक्यं लागतेत, आणि पाच वाक्यं नको म्हणून तो "येस, ओके, शुअर" म्हणून मोकळा होतो. मग ती शुअर सगळ्या टीमला शनिवारी-रविवारी निस्तरावी लागती. म्हणजे इंग्रजीचा प्रश्न इंग्रजीपुरता राहत नाही, अंदाज तिथंच बिघडतेत.

उपाय काय केला तर, कॉलच्या आधी तीन ओळी लिहून ठेवायच्या: काय झालं, काय राहिलं, मला तुमच्याकडून काय हवंय. त्या वाचून दाखवल्या तरी चालतंय. एक वाक्य पाठच करून ठेवलं, की मी टीमशी बोलून आज संध्याकाळपर्यंत लेखी सांगतो. हे वाक्य सोन्याचं आहे, ह्यानं जागेवर हो म्हणायची वेळच येत नाही. आणि लेखी सांगितलेलं तुम्ही सावकाश, तपासून लिहू शकता. कळलं नाही तर परत विचारा, समोरचा अमेरिकेतला असो का बंगळुरूचा, त्यालाही आपलं सगळं कळत नसतंच. टीममध्ये नांदेडकडची एक मुलगी आहे, कॉलवर सहा महिने एक शब्द नाही, काम मात्र सगळ्यात चोख. तिला एकदम क्लायंटपुढं उभं केलं नाही, आधी आपापसातला शुक्रवारचा डेमो तिच्याकडं दिला, मराठीतच, मग हळूहळू. आता रिलीजचा कॉल तीच घेती आणि मी म्यूटवर बसतो.

सहावी पायरी: काही फुटलं तर

फुटणार. आज ना उद्या. तेव्हा लीडचं काम टाईप करायचं नाही, हेही मी विहिरीवर उभं राहून उलटंच शिकलो. एक जण दुरुस्त करणार, एक जण दर अर्ध्या तासाला बाहेर कळवणार, आणि तुम्ही बघणार की दोघंही घाबरून काही भलतं करत नाहीत ना. आधी रोलबॅक, म्हणजे आधीच्या चालणाऱ्या कोडवर परत जाणं, शोध नंतर. कारण शोधण्यात डेव्हलपरला रस असतो, गिऱ्हाईकाला नसतो.

दुसऱ्या दिवशी बसून लिहून काढा: किती वाजता काय झालं, कशामुळं कळलं, काय केलं, परत होऊ नये म्हणून काय करणार. त्यात माणसाचं नाव घालू नका. कोड साठवायची सेवा देणाऱ्या गिटलॅब कंपनीची ३१ जानेवारी २०१७ ची गोष्ट ह्यासाठी बघण्यासारखी आहे. रात्री उशिरा एका इंजिनिअरनं चुकीच्या सर्व्हरवर डिलीट मारलं, प्रॉडक्शनचा डेटाबेस उडाला, आणि बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नव्हती हे तेव्हा कळलं. सुदैवानं सहा तास आधीची एक कॉपी सापडली, सहा तासांचा डेटा गेला. त्यांनी हे सगळं लपवलं नाही, दुरुस्ती चालू असताना यूट्यूबवर लाईव्ह दाखवली, आणि नंतर जे लिहिलं त्यात त्या माणसाला दोष देण्याऐवजी बॅकअप कुणी तपासत का नव्हतं हा प्रश्न धरला. आपल्याकडं अशा वेळी पहिला प्रश्न येतो, "कुणी केलं?" त्या प्रश्नानं एवढंच होतंय की पुढच्या वेळी पोरं लपवतेत.

बॅकअप घेतलाय म्हणून झोपू नका, तो परत चढवून बघा. लातूर पॅटर्नवर लोक काहीही बोलोत, पण सराव पेपर सोडवून सोडवून परीक्षेची भीती जाती हे आम्ही लहानपणापासून बघितलंय. तेच इथं. आम्ही दर तीन महिन्यांनी एका दुपारी टेस्ट सर्व्हरवर मुद्दाम डेटाबेस उडवतो आणि टीममधल्या सगळ्यात नवीन माणसाला फक्त लिहिलेल्या पायऱ्या वाचून उभा करायला सांगतो. जिथं तो अडतो तिथं कागद चुकलाय, तो नाही. पहिल्या वेळी तिसऱ्याच पायरीला अडला, कारण पासवर्ड कुठं आहे ते मी लिहिलंच नव्हतं.

जुन्या मित्रांचं काय

हे कुणी सांगत नाही. काल ज्याच्यासोबत मॅनेजरची नक्कल करत जेवत होतात, आज त्याच्या कामाचं तुम्ही बघणार. एक तर तो एकदम "सर" म्हणायला लागतो, ते चिडवणं असतंय, किंवा जास्तच हक्कानं कामं टाळतो. पहिल्याच आठवड्यात एकट्यात बोलून घ्या: मैत्री आहे तशी राहणार, पण कामाचं मी सगळ्यांना जसं बोलतो तसंच तुला बोलणार, वाईट वाटलं तर मला सांग, ग्रुपवर नको. जेवायला रोज त्याच्याच टेबलवर बसू नका. आणि टीमच्या गप्पांच्या व्हॉट्सअप ग्रुपमधून स्वतः बाहेर पडा, त्यांना तुमच्यावर बोलायला एक जागा पाहिजे. मला हे जमायला वर्ष गेलं, आणि एक मित्र गेलाच, तो आता फक्त दिवाळीला मेसेज करतो.

रिमोट टीम असंल तर अजून एक. आमच्यातले निम्मे संभाजीनगरात घरून काम करतेत आणि ज्या दिवशी नळाला पाणी येतंय त्या दिवशी घरात कुणाचा जीव थाऱ्यावर नसतो, कारण पुन्हा किती दिवसांनी येईल सांगता येत नाही. स्टँडअपची, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगची, वेळ पाण्यावर ठरवायची वेळ आली तर ठरवा. आम्ही स्टँडअप लेखी केला, दहापर्यंत प्रत्येकानं तीन ओळी टाकायच्या. काही अडलं नाही. उलट पुण्यातला आमचा ग्रुप आणि इथला ग्रुप यांच्यात जे बोलणं आधी होतच नव्हतं ते त्या तीन ओळींतून सुरू झालं. त्याच्या आधी एकाच सिस्टीममध्ये दोन ठिकाणी तारखेचे दोन वेगळे फॉरमॅट होते, इकडचे भारतीय वेळ धरून साठवायचे आणि तिकडचे यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. मेल्विन कॉनवे नावाच्या प्रोग्रामरनं १९६८ सालीच लिहिलंय की जी संस्था जशी आपापसात बोलते तशीच तिची सिस्टीम तयार होती. आमच्या डेटाबेसमध्ये साडेपाच तासांचा फरक पडला होता तो तिथूनच.

जमत नसंल तर

वर्षभर मनापासून केलं आणि रोज सकाळी पोटात गोळा येतोय, कोड लिहिलेला दिवस हाच तेवढा चांगला दिवस वाटतोय, तर परत जा. सीनियर, स्टाफ, आर्किटेक्ट, ही वाट बऱ्याच कंपन्यांत आहे, जिथं नाही तिथली कंपनी बदला. घरचे विचारतील, "पद काढून घेतलं का?" त्यांना सांगून बघा, नाही पटलं तर सोडा. दोन वर्षं लीड राहून परत कोडकडं आलेला माणूस जास्त चांगला डेव्हलपर असतो, कारण त्याला तारीख का मागतेत ते कळलेलं असतंय.

सुट्टीची परीक्षा

चौथ्या महिन्यात दोन दिवस सुट्टी घ्या आणि लॅपटॉप ऑफिसातच ठेवा. फोन चालू ठेवा, पण उचलल्यावर फक्त ऐका, आणि एका कागदावर लिहा, कोण, कशासाठी. उत्तर माहीत असंल तर ते कुठं लिहिलेलं आहे तेवढंच सांगा. लिहिलेलंच नसंल तर अर्थातच सांगा, पण खूण करून ठेवा. परत आल्यावर त्या यादीतला एकेक फोन म्हणजे एकेक काम: काही लिहून ठेवायचंय, काही कुणाला शिकवायचंय, काही अधिकार कुणाला द्यायचेत, कारण बऱ्याचदा पोरांना येत असतंय, फक्त बटण दाबायची परवानगी नसती.

माझ्या पहिल्या यादीत दोन दिवसांत ११ फोन होते. सहा महिन्यांनी ४. मागच्या येळवशीला २ आले, त्यातला एक सॅलरी स्लिपसाठी होता, त्याला एचआरचा नंबर दिला, आणि दुसरा आमच्याच टीममधल्या पोराचा, उंडे उरलेत का विचारायला.